चार माळांचा फोटो

उज्जैनमधल्या आमच्या माधव नगरच्या घरात लाइट गेली की सगळ्यांची धांदल उडायची, एकटी आई सोडून. बाबा 'माचिस कुठंय, माचिस कुठंय' करत स्वयंपाकघराच्या चौकटीवर कपाळ आपटायचे, मी हमखास स्टुलाला अडखळायची, आणि आई त्या गर्द काळोखातून सरळ चालत येऊन बाबांच्या तळहातावर माचिस ठेवायची. वर ऐकवायचीही, 'टीव्हीवर तुम्हीच ठेवली होती.' आईला लहानपणापासून रातांधळेपणा होता. दिवस मावळला की बाहेरचं जग तिच्यापुरतं मिटायचं. घरात ट्यूबलाइट असली तर निभायचं, पण अंगणात, रस्त्यावर, छतावर तिला काहीही दिसत नसे. इंदूरच्या डॉक्टरांनी दोनदा डोळ्यांत थेंब घालून पाहिलं आणि दोनदा मान हलवली. त्यामुळे घर तिला हातानं पाठ होतं. लाइट गेल्यावर आम्ही सगळे तिच्यासारखे व्हायचो, आणि तिच्या गाठीला वर्षांचा सराव. त्या काळात लाइट जायचीही मनसोक्त. बाजारात नवनव्या वस्तू येत होत्या, फ्रीगंजात दर महिन्याला एक काचेचं दुकान उघडत होतं, छताछतावर थाळीसारख्या अँटिना उगवत होत्या, आणि ते सगळं चालवायला वीज काही पुरत नव्हती.

उन्हाळ्यात आम्ही छतावर झोपायचो. अशाच एका रात्री सगळ्या कॉलनीची लाइट गेली आणि माझ्या तोंडून निघून गेलं, 'आई, बघ ना केवढे तारे!' लगेच जीभ चावली, पण आई हसली. म्हणाली, 'असतील ग. मला काळी पाटी दिसते.' मी विचारलं, 'एकही नाही?' 'कधी कधी वाटतं शुक्र दिसतोय,' ती म्हणाली, 'पण तो बहुतेक शेजारच्यांचा बल्ब असतो.' बाबा अंधारात खो खो हसले. आईला सत्तावीस नक्षत्रं ओळीनं तोंडपाठ होती. कोणत्या नक्षत्रावर काय करावं, काय करू नये, सगळं तिला विचारा. तिचं स्वतःचं जन्मनक्षत्र कृत्तिका. 'जिच्यावर जन्मले ती कशी दिसते, देव जाणे,' असं ती कूस बदलता बदलता अगदी सहज म्हणाली आणि झोपली. मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही. कृत्तिका माझ्या डोक्यावर यायला अजून पाच-सहा महिने होते, पण ती आईला दाखवायची हे मी तिथंच ठरवून टाकलं. अठराव्या वर्षी माणूस असलं काहीतरी ठरवतो आणि नंतर कुणाचं ऐकत नाही. मी तर मुळातच कुणाचं ऐकणारी नव्हते.

रात्री दिसत नाही, तर दिवसा दाखवायची. कागदावर. दिवसाच्या उजेडात आई सुईत दोरा ओवायची. म्हणजे हवा होता फोटो, आणि फोटोसाठी कॅमेरा. तो दसऱ्याला चालत घरी आला. आईचा भाऊ सुरेशमामा बोटीवर नोकरीला होता, सुट्टीवर आला तेव्हा त्याच्या गळ्यात काळा, जडशीळ कॅमेरा होता आणि सोबत एक लांब लेन्स. मी त्याला बेसनाचे लाडू खिलवून खिलवून हैराण केलं. शेवटी तो म्हणाला, 'ठेव बाई. पण संक्रांतीला मी बोटीवर परत जाताना घेऊन जाणार. एक दिवस जास्त नाही.' जाताना त्यानं छत्तीस फोटोंचा एक रोलही दिला, अंधारात चालणारा, जो उज्जैनात शोधून मिळाला नसता. मी कॅलेंडर काढलं. चंद्र असला की आकाश धुऊन निघतं, म्हणून काम अमावास्येच्या आसपासच व्हायला हवं. दसरा ते संक्रांत, मोजून तीन अमावास्या. तिन्ही हुकल्या की कॅमेरा बोटीवर आणि आई काळ्या पाटीपाशी.

आता कुणी म्हणेल, वर कॅमेरा धरायचा आणि बटण दाबायचं, त्यात काय. पृथ्वी फिरते ना! पाच-दहा मिनिटं झाकण उघडं ठेवलं तर ताऱ्यांच्या नुसत्या रेघा येतात. कॉलेजच्या लायब्ररीतल्या एका जुन्या मासिकात त्यावर देशी इलाज सापडला. दोन फळ्या बिजागरीनं जोडायच्या, बिजागरीची रेघ ध्रुवताऱ्याकडे धरायची, वरच्या फळीवर कॅमेरा, आणि खालच्या फळीतून एक लांब स्क्रू वर काढायचा. तो मिनिटाला एक फेरा या बेतानं फिरवला की वरची फळी ताऱ्यांच्या चालीनं उचलली जाते. आमच्या सुतारानं फळ्या केल्या आणि स्क्रूच्या टोकाला जुन्या नळाची चार पाकळ्यांची चावी बसवून दिली. अंधारात बोटांना एकेक पाकळी लागायची. पंधरा सेकंदांना एक पाकळी पुढं सरकवायची, बस्स. आता पंधरा सेकंद मोजायचे कुणी? घड्याळ बघायला उजेड लागतो आणि उजेडानं अंधाराला सरावलेले डोळे बिघडतात. बाबांनी छाती पुढं काढून मोजायला घेतलं आणि अकरा सेकंदांत पंधरावर पोचले. पुन्हा मोजले, तर मधेच 'दूधवाल्याला सांगितलंस का ग' झालं. मी वैतागून फळ्या आपटल्या.

आई जिन्याच्या शेवटच्या पायरीवर माळ घेऊन बसली होती. रोज संध्याकाळी तिचा जप असे. तिथूनच म्हणाली, 'मी मोजू का?' बाबांनी हसत हसत मनगटावरचं घड्याळ बॅटरीखाली धरलं. एकशे आठ मण्यांची माळ आईनं सव्वादोन मिनिटांत ओढली. दुसरी माळ, सव्वादोन मिनिटं. तिसरी, पुन्हा तेच, सेकंदाचाही फरक नाही. बाबांनी घड्याळ कानाला लावून पाहिलं, चालू आहे ना म्हणून. उजव्या हातात माळ आणि डाव्या हाताच्या चार बोटांच्या बारा पेरांवर अंगठा, अशी तिची पद्धत. बारा मणी झाले की पंधरा सेकंद. बारावं पेर संपलं की ती तोंड न उघडता 'हं' म्हणायची आणि मी चावीची एक पाकळी फिरवायची. चार माळांत नऊ मिनिटं. त्या दिवसापासून आमच्या घरात फोटो माळांत मोजले जाऊ लागले. आईला हे फार आवडलं असावं, कारण त्यानंतर ती संध्याकाळच्या भाजीलासुद्धा 'दीड माळ शिजू दे' म्हणायला लागली.

पहिली अमावास्या आम्ही कशी वाया घालवली ते सांगायलाही लाज वाटते. कॅलेंडरवर काळा ठिपका बघितला, बाबा म्हणाले 'याच्याइतकी काळी रात्र वर्षात नाही', मी म्हटलं 'नक्की', आणि दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही की त्या दिवशी लक्ष्मीपूजन आहे. पूजा झाली, चिवडा-चकली खाऊन आम्ही फळ्या घेऊन छतावर गेलो, तर सगळं उज्जैन पेटलेलं. रॉकेट, अनार, लडी, त्यांचा धूर एकावर एक थर देऊन बसलेला, आणि त्या धुराला खालच्या दिव्यांचा पिवळा रंग. ध्रुवताराच सापडेना, तर कृत्तिका कुठली? उज्जैनहून ध्रुव तसाही खाली, शेजारच्या टाकीच्या जरासा वर असतो. मी तरीही हट्टानं चार फोटो घेतले. आई शांतपणे म्हणाली, 'अग, आज लक्ष्मीपूजन आहे हे मला विचारलं असतंस तर सांगितलं असतं.' सकाळपासून तीच करंज्या तळत होती आणि मीच त्या खात होते, म्हणजे विचारायचीही गरज नव्हती.

दुसऱ्या अमावास्येला थंडी चांगली पडली होती. आमच्या गल्लीत नव्यानंच लागलेला पिवळा दिवा छतावर थेट उजेड टाकायचा, म्हणून आम्ही स्वेटर घालून, गरम गराडूवर, म्हणजे आमच्याकडच्या तळलेल्या कंदावर, लिंबू पिळून खात लाइट जायची वाट बघत बसलो. एरवी शिव्या देणारे आम्ही त्या दिवशी देव पाण्यात घालून बसलो होतो. साडेआठला लाइट गेली आणि आम्ही तिघांनी टाळ्या वाजवल्या. शेजारच्या काकू खालून ओरडल्या, 'क्या हुआ, लॉटरी लगी क्या?' चार चार माळांचे पाच फोटो झाले. आकाश काळं होतं, पण दुधाचा हात लागल्यासारखं, आणि शेवटी बॅटरी लावली तर लेन्सवर दव. पुसून बघितलं, पुन्हा दव. मला काही कळेना.

कळलं ते तिसऱ्या दिवशी. भैरवगढचे, कापडावर ठसे छापणारे यूसुफचाचा आईनं सांगितलेली ठशांची चादर द्यायला आले. बाबांची आणि त्यांची बँकेतली ओळख. चहा पिता पिता बाबांनी आमची रडकथा ऐकवली. चाचा छतावर आले, फरशीवर हात फिरवला आणि म्हणाले, 'बेटा, उस दिन छत धोई थी क्या?' मी आईकडे बघितलं. आईनं दुपारी दोन तास घासून, बादल्याच्या बादल्या ओतून छत धुतलं होतं. चांगल्या कामाला बसायचं तर जागा स्वच्छ नको? 'भेनजी,' चाचा म्हणाले, 'हवा में पहले ही नमी थी, आपने और पिला दी.' मग त्यांनी मला आभाळ शिकवलं. पुस्तकातलं नव्हे, कपड्यातलं. ठसा मारला की रंग पसरतोय की धरून बसतोय, यावरून त्यांना हवेतली ओल कळायची. कापड वाळताना त्यावर बारीक करडी साय धरली की हवेत धूळ आहे. 'मावठा गिरने दो,' ते म्हणाले. हिवाळ्यातल्या अवकाळी पावसाला आमच्याकडे मावठा म्हणतात. 'पानी हवा को धो देता है. फिर उत्तर की सूखी हवा चले, और जिस दिन दोपहर तक कपड़ा पापड़ हो जाए, उस शाम मेरे यहाँ आ जाना. मेरे पीछे नदी तक एक बल्ब नहीं है.'

माझा भाचा हल्ली मोबाइलवर बोट फिरवून हवेतली ओल, ढग, धूळ, वारा, सगळं आकड्यांत सांगतो. मी ऐकून घेते. पण अजूनही दोरीवरचा टॉवेल चिमटीत धरून बघितल्याशिवाय माझा त्याच्यावर विश्वास बसत नाही.

तिसरी अमावास्या जवळ आली तसे ढग आले. चार दिवस कुंद हवा, मग दोन दिवस मावठा. मी तोंड पाडून बसले. कुणी बोललं की खेकसायची. आई म्हणायची, 'पडू दे ग, धुतंय ना ते,' आणि मला तिचाही राग यायचा. अमावास्येच्या दिवशी सकाळी ऊन पडलं, उत्तरेचा वारा सुटला आणि दुपारी बाबांच्या बँकेत फोन आला, 'साब, कपड़ा पापड़ हो गया.' बाबा स्कूटर दामटत घरी. तेव्हा कुठं आईच्या चेहऱ्यावर मला भीती दिसली. अंधार पडल्यावर ती कित्येक वर्षांत घराबाहेर गेली नव्हती. 'मी कुठं येऊ? कुठं पाय पडेल माझा?' मी म्हटलं, 'मग मोजणार कोण?' तिनं जरा विचार केला, दोन स्वेटर चढवले, माळ गोमुखीत टाकली आणि चपला शोधायला लागली. स्कूटरवर पुढं बाबा, मधे आई, मागं मी, आणि माझ्या मांडीवर फळ्या. आईनं सबंध रस्ताभर माझा गुडघा घट्ट धरून ठेवला होता.

चाचांच्या कारखान्यामागे नदीपर्यंत मोकळी जमीन होती, दिवसा तिथं कापडं पसरायचे. आम्ही आईला खाटेवर बसवलं. मी वर बघितलं आणि गप्प झाले. बाबाही गप्प. शहराचा उजेड पाठीमागं राहिला होता आणि समोर नुसते तारे, सांडल्यासारखे. लुकलुकत होते, म्हणजे वर हवा हलत होती. मोठ्या दुर्बिणीवाल्यांना ते चालत नाही, पण आमच्या लेन्सला चालणार होतं. आम्हाला नको होती ती धूळ आणि ओल, आणि ती आज नव्हती. 'काय झालं? सगळे गप्प का झालात?' आईनं विचारलं. तिचा चेहरा वर होता, पण भलत्याच दिशेला. 'सांग ना काय दिसतंय.' मी म्हटलं, 'फोटो आला की तूच बघ.'

दवावर चाचांनी उपाय करून ठेवला होता. भट्टीतली गरम राख एका लाल चिंधीत बांधून ती पुरचुंडी लेन्सखाली लटकवली, म्हणजे काच उबदार राहते आणि दव धरत नाही. पहिला फोटो बाबांच्या पायानं गेला, त्यांनी फळीलाच ठोकर मारली. दुसऱ्यात पुरचुंडी सुटली. तिसऱ्याच्या वेळी चाचांचं कुत्रं प्रेमानं येऊन माझ्या हाताला चाटायला लागलं. तोवर नऊ वाजले आणि चाचा नदीकडे बघून म्हणाले, 'कोहरा उठेगा, जल्दी करो.' मी नवीन पुरचुंडी घाईघाईनं बांधली. बाबांनी झाकण काढलं. आईचा पहिला 'हं' आला, मी पाकळी फिरवली. एक माळ. दोन माळा. कुठं काही हलत नव्हतं. तिसरी माळ संपली, आणि मला वाटलं, झालं, जमलं. चौथ्या माळेला वाऱ्याची झुळूक आली, पुरचुंडीतली बारीक राख उडाली आणि आईला शिंक आली. एक नाही, तीन.

आता जपात शिंक आली तर काय करायचं हे आईच्या रक्तात होतं. माळ थांबवायची, उजव्या कानाला हात लावायचा, देवाची क्षमा मागायची आणि मग पुढचा मणी. तिनं ते सगळं यथासांग केलं. मी चावी धरून तशीच. मनात मोजत पुढं फिरवायला हवं होतं, एवढी साधी गोष्ट मला सुचली नाही; इतक्या दिवसांत 'हं' आल्याशिवाय हात हलवायची सवयच राहिली नव्हती. बऱ्याच वेळानं 'हं' आला. मी दातओठ खात पाकळी फिरवली आणि माळ पुरी केली. झाकण लावलं तेव्हा नदीवरून धुकं पार आमच्या खाटेपर्यंत आलं होतं. 'आई, जरा दाबून धरता आली नाही शिंक?' मी एवढंच म्हणाले, पण ज्या आवाजात म्हणाले तो अजून माझ्या कानात आहे. परतताना तिनं हळूच विचारलं, 'माझ्यामुळं वाया गेला का ग?' मी उत्तर दिलं नाही. जिच्यासाठी हे सगळं चाललं होतं तिलाच मी अंधारातून मुकाट आणलं, आणि याची मला आज या वयातही शरम वाटते.

रोल फ्रीगंजातल्या एका फोटोवाल्याकडे दिला. तो म्हणाला, 'दीदी, कुछ आया ही नहीं, सब काला है.' त्याचा तरी काय दोष, त्याच्याकडे लग्नाचे आणि मुंजीचे फोटो यायचे. मी पट्टी उजेडासमोर धरून शेवटच्या चौकटीवर बोट ठेवलं आणि 'हे मोठं करून द्या' म्हणून तिथंच बसून राहिले. 'धब्बे हैं,' तो म्हणाला. 'हेच धब्बे हवेत,' मी म्हणाले. संक्रांतीच्या सकाळी पाकीट मिळालं. मामा पुढच्या खोलीत कॅमेऱ्याची पेटी बंद करत होता. आई बाहेर उन्हात बसून तिळाच्या वड्यांचे तुकडे करत होती. मी फोटो तिच्या मांडीवर ठेवला.

तिनं हात पदराला पुसले, चष्मा लावला, फोटो नाकाशी नेला. मग म्हणाली, 'एवढं सगळं वर होतं? आणि मी नुसती माळ ओढत बसले?' मी मधला पुंजका दाखवला, 'ही तुझी कृत्तिका.' तिनं करंगळीचं नख ठेवून एकेक ठळक तारा मोजला. सहा मोजले, सातवी कृत्तिका शोधली, ती नव्हती, तर म्हणाली, 'असू दे, गेली असेल कुणाकडे.' डोळे भरले होते पण हसत होती. मग फोटो तिरका धरून तिनं विचारलं, 'या सगळ्यांना एवढीशी शेपटी कसली ग?' मी बघितलं. प्रत्येक ताऱ्याला, अगदी धुळीएवढ्यालाही, एकाच बाजूला बारीक शेपटी. मी म्हटलं, 'तू शिंकलीस ना, तेव्हा मी थांबले. तारे थांबले नाहीत.' आई फोटोकडे आणि माझ्याकडे बघत राहिली. 'म्हणजे माझी शिंक या सगळ्यांना लागली?' 'सगळ्यांना,' मी म्हणाले, 'आणि आई, वाया नाही गेला. मी तेव्हा बोलायला हवं होतं.' ती म्हणाली, 'गप ग, तीळ घे,' आणि माझ्या तोंडात वडी कोंबली.

फोटो आता माझ्या खोलीत आहे. भाचा म्हणाला, 'मामी, त्या शेपट्या मी एका मिनिटात काढून देतो.' मी म्हटलं, 'हात लावून बघ.' आईनं पुढं बरीच वर्षं काढली, आणि शेवटी शेवटी तर तिला दिवसाही फारसं दिसेनासं झालं. पण रात्री अंगणात बसलेली असताना शिंक आली की उजव्या कानाला हात लावायची, चेहरा वर करायची आणि विचारायची, 'बघ ग, हलले का?' मी हातातलं काम टाकून बाहेर यायची, नीट वर बघायची आणि सांगायची, 'नाही आई, जागेवर आहेत.'